पहिले एक चाळीस की दुसरे?

मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथे अमेरिकेत पहाटेचे दोन वाजतच नाहीत. एक वाजून एकोणसाठ मिनिटं झाली की पुढच्या मिनिटाला थेट तीन! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी याच्या बरोबर उलट. दोन वाजायला आले की घड्याळ परत एकवर जातं आणि एक ते दोन हा तास लोक दुसऱ्यांदा जगतात (खरं म्हणजे दुसऱ्यांदा झोपतात). उन्हाळ्यात संध्याकाळी जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून ही सगळी खटपट, आणि तिचं नाव डेलाइट सेव्हिंग. आपल्याकडे घड्याळाचे काटे हाताने फिरवायचे ते सेल संपून घड्याळ बंद पडलं तर. इथे ते सरकार फिरवतं, वर्षातून दोनदा.

आता याचा सांगलीत बसलेल्या माणसाला काय त्रास, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांना विचारून बघा. उन्हाळ्यात आमचं न्यू जर्सी सांगलीच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा तास. घड्याळ फिरतं इकडे आणि फोनची वेळ बदलते तिकडे. आमच्या बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाशेजारी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. "उन्हाळा: आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. हिवाळा: आपले साडेसात म्हणजे त्यांचे नऊ." त्याखाली त्या वर्षीच्या दोन तारखा. दर जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की माझ्याकडून तारखा विचारून घ्यायचे आणि टिपण नव्याने लिहायचे.

मी संगणकाच्या धंद्यातला, त्यामुळे भारतात गेलो की कोणीतरी हमखास विचारतं, "पण तुमच्या फोनला हे सगळं आपोआप कसं रे कळतं?" याचं खरं उत्तर असं, की फोनही बाबांसारखंच करतो. त्याच्याकडेही एक टिपण असतं. फक्त ते जरा लांबलचक असतं.

पहिली गंमत म्हणजे संगणकाला "किती वाजले" हे मुळात माहीतच नसतं. युनिक्स आणि तिच्या घराण्यातल्या सगळ्या सिस्टिम्स (लिनक्स, मॅक, आयफोन, अँड्रॉइड) आतल्या आत एकच आकडा मोजत असतात: १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले, तेव्हापासून आत्तापर्यंत किती सेकंद झाले. (त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते.) हा आकडा सांगलीत, न्यू जर्सीत आणि टोकियोत एकाच क्षणी एकच असतो. त्याला उन्हाळा-हिवाळा काही नाही.

हा आकडा माणसाला दाखवायची वेळ आली की टिपण उघडलं जातं. झोनइन्फो नावाचा एक फोल्डर असतो. त्यात खंडांच्या नावाचे फोल्डर आणि त्यांच्या पोटात शहरांच्या नावाच्या छोट्या छोट्या फायली: अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/लंडन, एशिया/कोलकाता वगैरे. प्रत्येक फायलीत एक यादी: अमुक क्षणापासून या गावाचं घड्याळ ग्रिनिचच्या इतकं मागे, तमुक क्षणापासून इतकं. आणि शेवटी पुढच्या वर्षांसाठी एक नियम. न्यूयॉर्कच्या फायलीत तो अगदी त्रोटकपणे लिहिलेला असतो: तिसरा महिना, दुसरा आठवडा, रविवार. झालं! बाबांना दर वर्षी तारीख विचारावी लागायची, संगणक ती या नियमावरून काढतो.

या यादीतली सुरुवातीची नोंद वाचली तर मजा वाटते. १८ नोव्हेंबर १८८३ च्या आधी न्यूयॉर्कची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५६ मिनिटं २ सेकंद मागे. म्हणजे तिथल्या सूर्याची वेळ. त्या दिवशी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी गावोगावची वेळ बाजूला सारून प्रमाण वेळ सुरू केली आणि कित्येक शहरांत दुपारचे बारा दोनदा वाजले. पुढे १९१८ साली कायदा होऊन डेलाइट सेव्हिंग आलं, पुढच्याच वर्षी तो भाग रद्द झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ज्या त्या गावाने आपापलं ठरवायचं असा कारभार होता. ओहायोतल्या स्टुबेनव्हिलहून वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिलला जाणाऱ्या ३५ मैलांच्या बसप्रवासात सात वेळा घड्याळ बदलावं लागे, हा त्या काळातला नेहमी दिला जाणारा दाखला. मग १९६६ साली देशभरासाठी एक कायदा झाला. तरी ज्या राज्याला नको त्याला सूट होतीच. ॲरिझोना घड्याळ फिरवत नाही, पण ॲरिझोनातलं नव्हाहो लोकांचं राज्य फिरवतं, आणि त्या नव्हाहो प्रदेशाच्या पोटात असलेले होपी लोक पुन्हा फिरवत नाहीत. १९७४ च्या ६ जानेवारीला तेलटंचाईमुळे भर हिवाळ्यात घड्याळं पुढे केली. मुलं काळोखात शाळेला जाऊ लागली, आरडाओरडा झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा पुन्हा बदलला.

हे सगळं संगणकाच्या त्या फायलीत ओळीओळीने नोंदलेलं आहे. म्हणजे वरवर पाहता ती तांत्रिक फाईल, पण खरं तर तो कायद्यांचा आणि भांडणांचा इतिहास आहे. गणिताने यातली एकही ओळ काढता येत नाही. कुणीतरी वर्तमानपत्र वाचून, राजपत्र बघून ती लिहावीच लागते.

मग प्रश्न येतो, ती लिहितं कोण? गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या गृहस्थांनी हे काम सुरू केलं. ते नोकरीला होते मेरीलँडमधल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत, म्हणजे घड्याळांशी कामाचा संबंध शून्य! पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले पॉल एगर्ट त्यात आले. जगभरातले हौशी लोक त्यांना कळवायचे, की आमच्या देशात यंदा तारीख बदलली आहे बरं का. गणेशोत्सवाची वर्गणीची वही जशी एका मंडळातल्या दोन-चार विश्वासू माणसांकडे असते, तशी जगाच्या घड्याळाची ही वही या मंडळींकडे होती. पगार नाही, मानधन नाही.

ही वही किती महत्त्वाची आहे हे आम्हा लोकांना नीट कळलं २००७ साली. अमेरिकेने २००५ मध्ये ऊर्जेसंबंधी एक कायदा केला आणि त्यात डेलाइट सेव्हिंगचा काळ वाढवला. पूर्वी एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू व्हायचं ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपायचं ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. अंमल २००७ पासून. खासदारांनी एक कलम बदललं आणि देशातल्या यच्चयावत संगणकांचं टिपण एका फटक्यात जुनं झालं. लोक त्याला छोटा वायटूके म्हणत.

मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे त्या फेब्रुवारीत आम्हाला दुसरं कामच नव्हतं. कारण टिपण एका जागी नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमचं एक, जावाची स्वतःची वेगळी प्रत, डेटाबेसची आणखी वेगळी, आणि ऑफिसच्या कॅलेंडरचा संसार निराळाच. एक सुधारलं आणि दुसरं राहिलं की एकाच यंत्रावर दोन वेळा! विंडोजची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे या वहीऐवजी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा तक्ता असतो, आणि त्या काळच्या एक्सपीमध्ये दर विभागासाठी फक्त चालू नियम ठेवलेला असे, मागचा इतिहास नाही. त्यामुळे नवा नियम भरला, की तो २००५ सालच्या मार्चमधल्या नोंदींनाही लागू व्हायचा आणि जुन्या वेळा तासाभराने सरकलेल्या दिसायच्या. पुढच्या आवृत्त्यांत वर्षावार नियम ठेवायची सोय झाली.

आणि ज्या मीटिंगा आधीच कॅलेंडरात घातलेल्या होत्या त्यांचं काय? "२० मार्च, सकाळी नऊ" ही मीटिंग जुन्या नियमाने ग्रिनिचच्या वेळेत रूपांतर करून ठेवलेली. नियम बदलल्यावर तीच मीटिंग दहाला दिसू लागली. ११ मार्च ते १ एप्रिल असे तीन आठवडे पुण्यातली टीम आणि आमची टीम एकमेकांची वाट बघत फोनवर संगीत ऐकत बसलेली असायची. त्यातून आम्ही सगळे एक धडा शिकलो. घडून गेलेली गोष्ट ग्रिनिचच्या वेळेत नोंदवावी. पुढे घडायची गोष्ट मात्र गावाच्या नावासकट, तिथल्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवावी, कारण मधल्या काळात कायदा काय करेल याचा भरवसा नाही.

आता घरची गोष्ट सांगतो.

आमच्या मुलीचा जन्म ७ नोव्हेंबर २०१० चा. पहाटे एक वाजून चाळीस मिनिटं. तारीख नीट बघा, नोव्हेंबरचा पहिला रविवार! इस्पितळाच्या कागदावर १:४० एवढंच लिहिलेलं. त्या धांदलीत आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. खरं तर आई बाळंतपणासाठी येणार होती. व्हिसा झाला होता, मेथीचे लाडू कोणत्या डब्यात आणायचे तेही ठरलं होतं. पण सप्टेंबरमध्ये बाबांचं दुखणं निघालं आणि तिचं येणं राहिलं. इतक्या लांबून नातीसाठी करण्यासारखं एकच काम तिच्याकडे उरलं होतं, ते म्हणजे पत्रिका. ते तिने फार मनावर घेतलं होतं.

चार दिवसांनी तिचा फोन. "अरे, गुरुजी विचारताहेत, तिकडे त्या रात्री घड्याळ मागे घेतात ना? मग हे एक चाळीस पहिले की दुसरे?"

मी चाटच पडलो. मी म्हटलं, "आई, हे गुरुजींना कोणी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? तुझ्या बाबांच्या पत्रिकेतसुद्धा एक तास वजा केलाय ना. चव्वेचाळीसचा जन्म त्यांचा. लढाईत आपल्याकडेही घड्याळ पुढे होतं."

खरंच होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानची घड्याळं एक तास पुढे केलेली होती, १९४५ च्या ऑक्टोबरात ती मागे आली. मी रोज ज्या फायली हाताळायचो त्यात ही नोंद आहे, पण ती मी कधी उघडून बघितली नव्हती. सांगलीच्या गुरुजींना मात्र ती तोंडपाठ. कारण त्यांचं पोटच त्यावर. चंद्राची रास तासाभराने सहसा बदलत नाही, पण लग्नरास साधारण दोन तासांना एक सरकते. एक तासाची चूक म्हणजे पत्रिकेतली सगळी घरंच हलण्याची शक्यता.

पत्रिकेवर माझा विश्वास नाही. पण प्रश्न अगदी चोख होता, आणि संगणकही नेमका तिथेच अडतो. सेकंदांच्या आकड्यावरून घड्याळाची वेळ काढायला गेलं तर उत्तर नेहमी एकच येतं. उलट दिशेने गेलं की घोटाळा. मार्चमधल्या त्या रविवारी "दोन तीस" असा क्षणच नसतो, आणि नोव्हेंबरमधल्या रविवारी "एक चाळीस" असे दोन क्षण असतात. म्हणून सी भाषेत वेळेचे जे रकाने असतात, वर्ष, महिना, तास, मिनिट, त्यांच्या शेवटी एक छोटा रकाना असतो: ही उन्हाळी वेळ की नेहमीची? तो रिकामा सोडला तर संगणक अंदाजाने ठोकून देतो. गुरुजींनी अंदाज केला नाही, रकाना भरून मागितला. इस्पितळाच्या कागदावर तो रकाना नव्हताच. हा प्रश्न नुसता पत्रिकेपुरता नाही. २०१८ साली इकडच्या बातम्यांत आलं होतं, की काही इस्पितळांत त्या तासापुरतं संगणकावर नोंदी करणं थांबवतात आणि कागद-पेन काढतात.

मग निकाल लावला कोणी? आईनेच. बाळ झाल्यावर मी पहिला फोन सांगलीला केला होता. ती म्हणाली, "तुझा फोन आला तेव्हा पावणेबारा झाले होते. यांची बाराची गोळी द्यायची होती म्हणून माझं घड्याळाकडेच लक्ष होतं." आता हिशोब करा. पहिलं एक चाळीस म्हणजे भारतात सकाळचे अकरा दहा. दुसरं म्हणजे दुपारचे बारा दहा. बारा दहाला जन्मलेल्या मुलीची बातमी पावणेबाराला कशी पोचेल? म्हणजे पहिलंच. आमच्या तासाचा निवाडा सांगलीच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाने केला, कारण त्या रात्री फिरलं नव्हतं असं आमच्या हाताशी ते एकच घड्याळ होतं. संगणक ज्या कामासाठी ग्रिनिचचं घड्याळ धरून बसतो, ते काम आमच्यासाठी त्याने केलं.

आईला त्या दिवशी फार आनंद झाला. नातीच्या जन्माच्या वेळी ती इथे नव्हती, पण जन्मवेळेची साक्ष तिचीच होती.

यात पुढे एक योगायोग घडला. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं, तोच ३० सप्टेंबर २०११ रोजी ओल्सन आणि एगर्ट या दोघांवर मॅसॅच्युसेट्सच्या केंद्रीय न्यायालयात खटला दाखल झाला. दाखल करणारी कंपनी कोण, तर ॲस्ट्रोलेब, ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणारी! कारण असं, की जुन्या काळी कोणत्या गावात कधी घड्याळ फिरवलं याची माहिती सगळ्यात चिकाटीने कोणी गोळा केली असेल तर ती अमेरिकन ज्योतिषांसाठी पुस्तकं करणाऱ्यांनी. थॉमस शँक्स यांनी तयार केलेले तसे जाडजूड कोश आहेत, आणि वहीतल्या बऱ्याच जुन्या नोंदी त्यांच्या आधाराने आल्या होत्या. त्या कोशाचे हक्क आमच्याकडे आहेत, असं कंपनीचं म्हणणं. ओल्सन यांचा सर्व्हर बंद झाला आणि काही दिवस जगाच्या घड्याळाच्या वहीला घरच उरलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यात इंटरनेटची नावं आणि आकडे सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेने ती आपल्याकडे घेतली. अमुक गावात अमुक दिवशी घड्याळ पुढे झालं, हे घडलेलं सत्य आहे. त्यावर कुणाची मालकी कशी असेल? फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने माफी मागून खटला मागे घेतला. पण त्यानिमित्ताने मला कळलं, की सांगलीचे गुरुजी आणि माझा लॅपटॉप यांचं घराणं एकच आहे.

आणि आपला भारत या वहीत कसा दिसतो? सगळ्या देशाला मिळून एकच नोंद, एशिया/कोलकाता. (देशांची नावं आणि सीमा बदलतात, म्हणून इथे शहराचं नाव देण्याची पद्धत आहे. पूर्वीचं एशिया/कॅलकटाही अजून चालतं.) उलट अमेरिकेतल्या एकट्या इंडियाना राज्याच्या नावाखाली आठ फायली आहेत. इंडियाला एक, इंडियानाला आठ!

मुंबईकर म्हणतील, आमचं नाव का नाही? एके काळी मुंबईचं घड्याळ खरोखरच वेगळं होतं. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी हिंदुस्थानची प्रमाण वेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. गिरणी कामगारांनी नव्या वेळेला विरोध केला, महापालिकेत वाद रंगले, फिरोजशहा मेहतांनी मुंबईच्या वेळेची बाजू लावून धरली. रेल्वेची वेळ एक आणि शहराची दुसरी, असा प्रकार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू होता. पण वहीचा नियम असा, की १९७० नंतर ज्या भागांची घड्याळं जुळतात त्यांना एकच नोंद. त्यामुळे मुंबईचा तो सगळा हट्ट संगणकाच्या लेखी नाही. १९३० साली गिरगावात जन्मलेल्या आजोबांची वेळ "मुंबई टाईम" होती की "स्टँडर्ड", हे फोन विचारणार नाही. गुरुजी विचारतात.

ही वही अजूनही चालूच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये लेबननच्या सरकारने ऐन वेळी घड्याळ पुढे करायची तारीख ढकलली, देशात दोन वेळा चालू झाल्या आणि मग सरकारने शब्द फिरवला. वहीची एक आवृत्ती तो निर्णय नोंदवायला निघाली आणि आठवड्याच्या आत दुसरी तो पुसायला. इकडे अमेरिकन सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायमची उन्हाळी वेळ ठेवण्याचं विधेयक संमत केलं होतं, पण दुसऱ्या सभागृहात ते अडकलं. कधीतरी तसा कायदा झालाच तर न्यूयॉर्कच्या फायलीत दोन-तीन ओळी बदलतील, आणि सांगलीतल्या कॅलेंडरांच्या मागच्या दोन ओळींची एक होईल.

तोपर्यंत ज्यांची नातवंडं इकडे जन्माला येणार आहेत त्यांना एक सुचवतो. डायरीत जन्मवेळ लिहाल तेव्हा तिच्यापुढे गावाचं नाव लिहा, आणि त्या क्षणी आपल्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते तेही लिहा. गुरुजींना उपयोगी पडेल. गुरुजींवर विश्वास नसेल तर संगणकाला पडेल.